पुरेपेशी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी सातला ज्याचं शटर बंद दिसेल, तो माणूस एकतर मेलेला असायचा, नाहीतर त्यानं अढळ घेतलेलं नसायचं. तिसरं कारण कुणी विचारतच नव्हतं.

अढळ म्हणजे एक इंजेक्शन. मानेच्या मागे, आयुष्यात एकदाच. ते बाजारात येऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्याआधी लोक श्रीमंत व्हायची पुस्तकं वाचायचे, व्हिडिओ बघायचे, पहाटे उठून आरशासमोर उभे राहायचे आणि स्वतःलाच सांगायचे की तू करू शकतोस. सोमवारी सांगायचे, गुरुवारी विसरायचे. अढळनं ती गुरुवारची भानगडच मिटवून टाकली. एकदा टोचून घेतलं की हातात धरलेली गोष्ट माणूस सोडत नाही. दात-ओठ खाऊन नाही, अगदी सहज. सोडावं असं त्याला वाटतच नाही.

हर्षल वारुंगसेनं अढळ घेतलं त्याला तीन वर्षं व्हायला सव्वीस दिवस कमी होते. तो चिवडा करायचा. बापापासूनचा धंदा, बरा चालायचा. दुपारी दोन ते चार दुकान बंद ठेवून झोपणारा, रविवारी मळ्यात पोहायला जाणारा, जेवताना बोलबोल बोलणारा माणूस होता. आता तो दिवसाला वीस तास कढईसमोर असायचा. तीन वर्षांत त्यानं मसाला दोनशे चौदा वेळा बदलला होता. वजन एकवीस किलोनं उतरलं होतं. जेवण उभ्यानं.

त्या दिवशी पोह्यांचा घाणा काढताना झारा निसटला आणि कढईतलं तेल त्याच्या डाव्या हातावर उडालं. कोपरापर्यंत. बायको केतकी पाकिटं भरत होती, ती ओरडत धावली.

"हर्षल! हात भाजलाय!"

"हो, दिसलं." त्यानं झारा उजव्या हातात घेतला.

"अरे, चल दवाखान्यात."

"हा घाणा होऊ दे."

घाणा झाला. मग दुसरा झाला. केतकीनं त्याच्या हातावर ओला फडका गुंडाळला तेव्हा तो पुढच्या घाण्याचे पोहे निवडत होता. दुखत होतं, त्याला ते कळतही होतं. दुखतंय म्हणून थांबावं, एवढंच कळत नव्हतं.

"समजा, आपण हे सगळं बंद केलं तर?" तिनं विचारलं.

हर्षलनं मान वर केली. चेहरा कोरा. परक्या भाषेत कुणी काहीतरी विचारल्यासारखा. "सगळं म्हणजे? पॅकिंगचं मशीन? ते कालच दुरुस्त केलंय की."

केतकीनं पर्स उचलली आणि नाशिकची बस धरली.

*

डॉक्टर नसरीन मुजावर यांनी अढळ शोधलं होतं. मूळच्या मिरजेच्या, वय पंचावन्न, केस कापलेले, टेबलावर कायम अर्धा प्यायलेला चहा. ज्या कंपनीसाठी त्यांनी ते शोधलं ती कंपनी त्यांनी सोडली होती आणि आता नाशिकमध्ये दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत त्या त्याच औषधाचा उतारा देत होत्या.

"तुम्हीच का त्या?" केतकीनं दारातूनच विचारलं.

"कोण त्या?"

"माझ्या नवऱ्याची वाट लावणाऱ्या."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. आज तुम्ही तिसऱ्या आहात."

केतकी बसली नाही. "काय घातलंत त्याच्या डोक्यात?"

"घातलं काही नाही. एक आवाज बंद केलाय." डॉक्टरांनी बोटाच्या पेरावर अंगठा टेकवला. "मेंदूच्या अगदी मध्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन गाठी असतात. त्यातल्या पेशींना मी पुरेपेशी म्हणते. त्यांचं काम एकच. आपण एखाद्या गोष्टीच्या मागे लागतो, ती मिळत नाही, परत लागतो, परत मिळत नाही. या पेशी मोजत असतात. मोजता मोजता एक वेळ येते, त्या म्हणतात, पुरे. मग आपण थांबतो. कुत्रं बंद दारावर पंजे मारतं आणि थोड्या वेळानं जाऊन झोपतं, ते यांच्यामुळे."

"आणि तुम्ही त्या मारल्या."

"गप्प केल्या. आधी माशांवर करून बघितलं. लहान मासा, काचेची टाकी. टाकीच्या तळाशी पट्टे सरकवायचे, म्हणजे माशाला वाटतं आपण पोहतोय पण पुढे जात नाही. साधा मासा वीस सेकंद धडपडतो आणि सोडून देतो. पुरेपेशी गप्प केलेला मासा सोडत नाही. पोहतच राहतो."

"मग पोचला कुठं तो?"

"कुठंच नाही. टाकी तेवढीच होती."

केतकी आता बसली.

"माणसांना द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"कंपनीच्या. त्यांचे एक यशदीप सर म्हणून होते, सभा घ्यायचे, श्रीमंत कसं व्हायचं त्याच्या. ते म्हणायचे, यशस्वी माणूस आणि बाकीचे यात फरक एकच, यशस्वी माणूस सोडत नाही. मला म्हणाले, हे मेंदूत दाखवता येईल का? त्यांनी चारशे श्रीमंत माणसांची यादी दिली. मी चारशे जणांचे मेंदू तपासले. आणि खरंच निघालं. चारशेच्या चारशे जणांच्या पुरेपेशी जन्मापासूनच मंद. मला वाटलं, सापडलं."

"आणि जे बुडाले, त्यांची डोकी बघितली?"

डॉक्टरांनी थंड झालेला चहा उगाच ढवळला.

"बघितली ना?"

"तेव्हा नाही. त्यांची यादी नव्हती. बुडालेल्या माणसाला सभेत कोण बोलावतं? नंतर मीच शोधत फिरले. कुणी भाच्याकडे राहतंय, कुणी गाव बदललंय. तीनशे सापडले. त्यांच्याही पुरेपेशी मंद होत्या. तेवढ्याच. तेही कधी सोडत नव्हते, म्हणूनच एवढे खोल गेले."

"म्हणजे न सोडल्यानं श्रीमंत होतो असं नाही."

"न सोडल्यानं माणूस टोकाला जातो. वरच्या टोकाला की खालच्या, ते दुसऱ्याच गोष्टींवर असतं. बाप कोण, गाव कुठलं, त्या वर्षी काय घडलं. वरच्या टोकाला पोचलेल्याला माईक मिळतो, एवढाच फरक."

"एवढं साधं तुम्हाला आधी कळलं नाही? शिकलेल्या ना तुम्ही?"

"कळलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यात सारवासारव नव्हती, त्यामुळे केतकीला पुढं भांडता येईना.

उताऱ्याचं गणित डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. अढळ टोचल्यावर चाळीस मिनिटं मेंदू ओल्या सिमेंटसारखा असतो. त्या वेळात मनात जे ध्येय घोळत असेल ते पक्कं बसतं, आणि पुढची सगळी जिद्द त्यालाच चिकटते. उताराही तसाच. टोचला की परत चाळीस मिनिटं सिमेंट ओलं होतं. तेवढ्यात माणसाच्या मनात जर 'झालं, आता सोडतो' असा विचार राहिला, तर तो सुटतो; दुसरं ध्येय आलं, तर तेच पक्कं बसतं. मात्र उतारा एकदाच देता येतो, दुसऱ्यांदा दिला तर मेंदूला सूज येते. आणि तीन वर्षांच्या आत द्यावा लागतो, कारण तीन वर्षं गप्प राहिलेल्या पुरेपेशी मरतात.

"मग द्या ना आजच."

"त्याची सही लागेल. आणि सही खोटी करून उपयोग नाही, त्याच्या मनात 'सोडतो' यायला पाहिजे. तेच तर येत नाही. त्याला विचारलंत तर तो नाही म्हणणार नाही. त्याला प्रश्नच कळणार नाही."

केतकीला पॅकिंगचं मशीन आठवलं.

"किती जणांना उतारा लागू पडला?"

"अजून कुणालाच नाही. तुमच्या नवऱ्यानं फरसाण उत्पादक संघाच्या ज्या सभेत अढळ घेतलं, तिथं तीनशे बारा जणांनी घेतलं होतं. एकोणीस गेले. हृदय थकतं. तुम्ही आत्ता दिलेत ते तुमच्या नवऱ्याचे मागच्या महिन्याचे रिपोर्ट मी बघितले. असंच चाललं तर वर्ष काढेल असं मला वाटत नाही."

डॉक्टरांनी कपाटातून एक पिवळी फाईल काढली. सभेत प्रत्येकानं भरलेले अर्ज. त्यातला हर्षलचा काढून त्यांनी केतकीपुढं ठेवला. अर्जावर छापलं होतं, 'तुमचं ध्येय तुमच्या शब्दांत लिहा.' खाली हर्षलचं वळणदार अक्षर होतं:

'उदा. मी माझ्या धंद्यात महाराष्ट्रात एक नंबर होणार.'

"हे 'उदा.' काय आहे?"

"यशदीप सरांनी फळ्यावर नमुना लिहिला होता. कसं लिहायचं ते कळावं म्हणून. उदाहरणार्थ अमुक." डॉक्टरांनी फाईलमधले आणखी अर्ज टेबलावर पसरले. सिन्नर, चांदवड, येवला, बार्शी, जळगाव. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया, वाक्य एकच. "तीनशे बाराच्या तीनशे बारा जणांनी फळ्यावरचं उतरवून काढलं. बेचाळीस जणांनी 'उदा.'सकट."

केतकी अर्जाकडं बघत राहिली. दहा-बारा वर्षं शाळेत बसवून पोरांना एकच गोष्ट पक्की शिकवली जाते, की फळ्यावर असेल ते मुकाट्यानं वहीत घ्यायचं. तिचा नवरा पहिल्या बाकावरचा होता. श्रीमंत व्हावं असंही त्याला कधी फारसं वाटलं नव्हतं. चिवड्याला जरा बरं खोबरं परवडावं आणि दुपारची झोप मिळावी, हे त्याचं ध्येय होतं. ते लिहायला त्याला लाज वाटली असणार.

"म्हणजे हा ज्याच्यासाठी मरायला निघालाय, ते याचं नाहीच."

"नाही. आणि एक नंबरची जागा एक, धावणारे तीनशे बारा. सगळे न थांबणारे."

केतकी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "गाठलं तर काय होतं? ध्येय?"

"गाठलं तर पुरेपेशी जाग्या होतात. तास-दीड तास. मग अढळ परत पकड घेतं. पण तेवढ्यात त्याला 'सोडणं' कळेल, सही करेल, उतारा देता येईल. पण गाठणार कसं?"

"एक नंबर कोण ठरवतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोण, सांगा ना. सरकार? कलेक्टर? महाराष्ट्रात एक नंबरचा चिवडा कुणाचा, हे कुठल्या ऑफिसात लिहून ठेवलेलं असतं, मॅडम?"

डॉक्टर मुजावर यांनी पसरलेले अर्ज गोळा केले. पंधरा वर्षं त्यांनी या विषयात काढली होती आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"खोटं आहे ते," त्या म्हणाल्या.

"दुकानात जाऊन बघा. तीनशे बारा पाकिटांवर 'महाराष्ट्रात नं. १' छापलंय. ते काय आहे?"

*

पुरस्कार मिळवायला केतकीला एक फोन पुरला.

"कुठल्या गटात पाहिजे, मॅडम?" पलीकडचा माणूस भाजीवाल्याच्या आवाजात म्हणाला. "उद्योगरत्न आहे, उद्योगभूषण आहे, महिला गट—"

"चिवडा. महाराष्ट्रात एक नंबर."

"देऊ की. या गटात आम्ही पाच एक नंबर देतो."

"मला एकटा पाहिजे."

"मग हॉल वेगळा घ्यावा लागेल. निवेदिका आमची, शाल-श्रीफळ आमचं, फेटा आमचा. पाहुणे तुमचे."

पाहुण्यांशिवाय जमणार नव्हतं. रिकाम्या हॉलमध्ये मिळालेल्या पुरस्कारावर सिन्नरमध्ये कुणाचा विश्वास बसला नसता, हर्षलचा तर नाहीच. केतकीनं दोनशे माणसं बोलावली. खरं काय ते फक्त तिला आणि डॉक्टरांना माहीत होतं. मुदत संपायला चार दिवस उरले असताना एका रविवारी सकाळी मंगल कार्यालयात कार्यक्रम ठरला. हर्षलला यायला अजिबात वेळ नव्हता. "एक नंबरचा पुरस्कार" म्हटल्यावर तो कढई पेटती ठेवून स्कूटरवर बसला. गॅस केतकीनं बंद केला.

निवेदिका, जांभळ्या पैठणीतली एक हसतमुख बाई, माईकवर म्हणाली की राज्यभरातल्या शेकडो उत्पादकांमधून परीक्षकांनी एकमतानं निवड केली आहे. हर्षलच्या डोक्याला फेटा बांधला गेला. फेट्याच्या आत, कपाळाला लागून, डॉक्टरांनी दिलेली पातळ पट्टी होती. पुरेपेशी बोलायला लागल्या की डॉक्टरांच्या फोनवर हिरवा ठिपका उमटणार होता. डॉक्टर मागच्या रांगेत, आहेर घेऊन आलेल्या पाहुण्यासारख्या बसल्या होत्या.

शाल पडली. नारळ हातात आला. पितळी चषक आला, त्यावर कोरलं होतं: महाराष्ट्रात प्रथम क्रमांक. दोनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली.

फोनवर काहीच दिसेना. केतकीनं मागे वळून बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

हर्षल चषक फिरवून फिरवून वाचत होता. एकदा, दोनदा. त्याचे खांदे थोडे खाली आले. मग त्यानं स्टेजवरच्या महाराजा खुर्चीकडं बघितलं आणि जाऊन बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा काम नसताना तो बसला होता.

हिरवा ठिपका.

केतकी धावत स्टेजवर गेली. "काय होतंय, हर्षल?"

"हात दुखतोय गं," तो म्हणाला. डाव्या हातावरची पट्टी त्यानं उजव्या हातानं धरली होती आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "खूप दुखतोय. कधी भाजला एवढा?"

स्टेजच्या मागे वधूपक्षाची खोली होती. आरसा, दोन खाटा, कोपऱ्यात कुणाच्या तरी लग्नातली उरलेली मुंडावळ. डॉक्टरांनी सगळं थोडक्यात सांगितलं. हर्षलनं ऐकलं आणि मुख्य म्हणजे त्याला कळलं.

"सोडायचं," तो म्हणाला. शब्द तोंडात घोळवून बघितल्यासारखा. "सोडता येतं, नाही का? तीन वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"सही कर," केतकी म्हणाली.

त्यानं सही केली. स्वतःची, नेहमीची. डॉक्टरांनी मानेत सुई टोचली आणि घड्याळ लावलं.

"आता चाळीस मिनिटं इथंच बसायचं. दुसरं काही मनात आणायचं नाही. झालं, आता सोडतो, एवढंच."

"उद्या सकाळी किती वाजता उठायचं?" त्यानं केतकीला विचारलं.

"नऊ वाजता."

"दहा."

"बरं, दहा. आणि दुपारी परत झोप."

"मळ्यातल्या विहिरीला पाणी आहे का गं अजून?"

"आहे. मीच परवा बघून आले."

दहा मिनिटं झाली. वीस झाली. हर्षल खाटेवर पाय वर घेऊन बसला होता, केतकी त्याच्या तळहाताला धरून. बाहेर स्पीकरवर गाणं लागलं होतं, मग ते थांबलं. डॉक्टर फोनकडं बघत होत्या. ठिपका आता स्थिर होता, ठळक. "छान," त्या पुटपुटल्या. "उतरलं पूर्ण. आता फक्त हे बसू दे."

सत्तावीस मिनिटं झाली होती तेव्हा दार वाजलं. हर्षलची मंदाआत्या. सत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, तरी स्टेजच्या पायऱ्या चढून आलेली.

"अरे, इथं काय लपून बसलायस नवरीसारखा? लोक खोळंबलेत. सत्काराला उत्तर द्यायचं राहिलंय!"

"आत्या, त्याला बरं वाटत नाहीये," केतकी म्हणाली.

"दोन शब्द बोलायला काय बरं वाटायला पाहिजे? पंगत लागलीय, उत्तर झाल्याशिवाय माणसं बसणार कशी? पाहुण्यांना काय उपाशी पाठवायचं?"

"तेरा मिनिटं थांबा, आत्या. फक्त तेरा."

"तेरा मिनिटांचा कसला मुहूर्त?" आत्या हसायला लागली. तिच्यामागून हर्षलचे दोन चुलतभाऊ आत आले. केतकी दारात आडवी उभी राहिली. एकानं तिला हसत हसत बाजूला केलं, "वहिनी, आज तरी सोडा की त्याला," आणि दोघांनी हर्षलला दोन्ही बाजूंनी उचलल्यासारखं स्टेजवर नेलं. कुणाचा हेतू वाईट नव्हता. हॉलमध्ये बासुंदीचा वास सुटला होता.

निवेदिकेनं माईक पुढं केला. तिनं अशा शंभर कार्यक्रमांत विचारलेला प्रश्न विचारला, शंभर वेळा विचारला होता त्याच गोड आवाजात.

"सर, महाराष्ट्रात तर तुम्ही पहिले आलात. आता पुढचं ध्येय काय?"

केतकीनं माईक हिसकावला. "काही नाही!" स्पीकर किंचाळला. "पुढं काही नाही. तो घरी जाणार आणि झोपणार!"

सगळा हॉल हसला. वहिनी गमतीच्या आहेत, कुणीतरी म्हणालं. ती हसत नाही हे दिसल्यावर हसणं विरलं आणि कुजबुज सुरू झाली. एवढा मोठा सन्मान, आणि घरातूनच असं पाय ओढणं. मंदाआत्यानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू तिनं भरल्या ताटात पाणी ओतलं होतं.

"असं नसतं बोलायचं, पोरी," आत्या म्हणाली. "पुढं काही नाही, असं म्हणतात का कधी?"

मागून एक चुलतभाऊ ओरडला, "भारतात एक नंबर!" लोकांना हायसं वाटलं. टाळ्या सुरू झाल्या. "भारतात एक नंबर! भारतात एक नंबर!" दोनशे माणसं. त्यात अढळ घेतलेला एकही नव्हता. रविवारी सुट्टी घेऊन जेवायला आलेली माणसं होती ती.

हर्षलनं केतकीकडं बघितलं. "काय सांगू गं?" त्यानं हळूच विचारलं. काय करावं, हे त्यानं तिला तीन वर्षांत विचारलं नव्हतं.

"नाही म्हण. झालं म्हण."

त्यानं हॉलकडं बघितलं. आत्या टाळ्या वाजवत होती. शाळेतले मास्तर पुढच्या रांगेत होते, तेही वाजवत होते. हर्षल ओशाळल्यासारखा हसला. लग्नात कुणी आग्रहानं जिलबी वाढली की पोट भरलेला माणूस हसतो तसा. त्यानं माईक घेतला.

"हो, बघू ना," तो म्हणाला. "आता भारतात."

डॉक्टरांच्या फोनवरचा ठिपका दोनदा मिणमिणला आणि गेला.

"बसलं," डॉक्टर म्हणाल्या.

केतकी स्टेजवरून उतरून त्यांच्या अंगावर धावली. "तुमचं औषध! तुमच्या त्या औषधानं बोलला तो!"

"नाही." डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी फोन तिच्यापुढं धरला, त्यावर मिनिटामिनिटाची रेघ होती. "हे बघा. हो म्हणाला तेव्हा अढळ पूर्ण उतरलेलं होतं आणि नवीन काही बसलं नव्हतं. त्याच्या पुरेपेशी जाग्या होत्या, चांगल्या ओरडत होत्या. त्या मिनिटाला तो तुमच्या-माझ्याएवढाच बरा होता."

केतकीनं वळून टाळ्या वाजवणाऱ्या हॉलकडं बघितलं.

पंगती बसल्या. हर्षल स्टेजवरून उतरला, तिच्या शेजारून गेला, पानं वाढलेल्या रांगांमधून वाट काढत थेट टोकाला बसलेल्या एका पाहुण्यापाशी जाऊन उकिडवा बसला. तो कुणाचा तरी मेहुणा होता, इंदूरहून आलेला. त्याचा पहिला घास तोंडाशी होता.

"भाऊ," हर्षल म्हणाला, "तुमच्याकडे चिवड्याला पोहे कुठले वापरतात?"